काढ आता

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोघी बहिणी राहायच्या. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला छोटी. मग छोटीने साठी कधीच ओलांडली असली तरी. मी त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा चार वाजताचा चहा त्यांच्याकडेच असायचा. चहाबरोबर ताईंची लोण्याची बिस्किटं.

ताईंनी एकतीस वर्षं बाटल्या धुतल्या. फरशी पुसायचं औषध तयार करणाऱ्या कारखान्यात परत आलेल्या बाटल्या एका उग्र पाण्यातून काढायचं काम त्यांच्याकडे होतं. पाच-सहा वर्षांतच त्यांचं नाक गेलं. गेल्याचं त्यांना कळलंही नाही. एका संध्याकाळी घरात गॅस गळत होता आणि ताई तिथेच निवांत भाजी निवडत बसल्या होत्या. छोटी कामावरून आली, तिने धावत जाऊन खिडक्या उघडल्या, म्हणून दोघी वाचल्या.

"तेव्हापासून माझं नाक हिच्या तोंडावर बसवलंय," ताई सांगायच्या.

"म्हणूनच माझं इतकं मोठं दिसतं," छोटी म्हणायची.

छोटी शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायची. मग मणक्याचं दुखणं निघालं आणि कमरेखालचं अंग गेलं. ताईंनी तिची खाट स्वयंपाकघराच्या दाराजवळ ओढून घेतली. तिथून तिला ओट्याची फक्त एक कड दिसायची आणि ताईंची पाठ. आजारपणाच्या पहिल्या वर्षीच छोटीने मला हाक मारून बसवलं आणि उशीखालून एक छापील अर्ज काढला. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ठेवून घेणारी एक संस्था शहराबाहेर होती, तिथला.

"बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. भरून द्या."

मी नाव, वय, पत्ता, आजार सगळं भरलं. तारखेच्या जागेशी आले तशी ती म्हणाली, "ती मोकळी राहू दे. ज्या दिवशी माझा ताईला काडीचा उपयोग उरणार नाही, त्या दिवशी मी घालीन. उगाच तिच्या उरावर बसायची नाही मी."

आतून ताईंचा आवाज आला, "शहाणीच आहेस! आणि बिस्किटं काय ह्या बाई बघणार? त्यांचं दूध रोज उतू जातं!"

खोटं नव्हतं ते. पण त्या वाक्यावर छोटी नऊ वर्षं त्या घरात राहिली, हे मला फार पुढे समजलं.

बिस्किटांत तसं काही नव्हतं. लोणी, पिठीसाखर, मैदा, चिमूटभर मीठ. ताई लोणी लाकडी चमच्याने पांढरं होईपर्यंत फेसायच्या, मैदा घालून हलक्या हाताने गोळा करायच्या आणि लाटून औषधाच्या बाटलीच्या झाकणाने चकत्या पाडायच्या. अडचण होती ती ओव्हनची. जुनी पत्र्याची पेटी, दाराला काच नाही, गॅसचा जोर कधी कमी कधी जास्त. एके दिवशी बारा मिनिटांत होणारं बिस्किट दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं घ्यायचं. घड्याळाचा काही उपयोग नव्हता. मधेच दार उघडून पाहावं तर ताव जायचा आणि बिस्किटं बसायची. अशा वेळी वास हाच एक इलाज. लोणी नुसतं वितळल्याचा वास वेगळा आणि कडा बदामी व्हायला लागल्या की येतो तो वेगळा. त्या दुसऱ्या वासाला छोटी खाटेवरून ओरडायची, "काढ आता!" आणि ताई त्याच क्षणी दार उघडायच्या. करकर वाजायचं ते दार.

नऊ वर्षांत एक घाणा करपल्याचं मला आठवत नाही. छोटीला त्याचा गर्व होता. जिन्यावर कोण आलं हेही ती वासावरून सांगायची. मला म्हणायची, "बाई, पुन्हा खडूचा वास येतोय. शाळा सुटली, तुम्ही काही सुटला नाहीत."

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. तीन आठवडे राहिला. उतरला त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी चहाला खाली निघाले, तर जिन्यातच करपल्याचा वास. दार ढकललं, घरात निळसर धूर. छोटी उशीला टेकून बसली होती, चेहरा प्रसन्न.

"या बाई. काय सुरेख वास सुटलाय ना? आत्ताच काढायला लावली."

मी तशीच आत गेले. ताईंच्या समोर ट्रेमध्ये काळे ठिक्कर तुकडे होते. वास नव्हता, पण डोळे होते त्यांना.

"हिने आज उशिरा सांगितलं," त्या हळूच म्हणाल्या. "काल लवकर सांगितलं होतं, सगळी कच्ची निघाली."

"ताई, घरभर धूर आहे. तिला वास येत नाहीये."

ताईंनी माझं मनगट धरलं. लोण्याने हात निसटत होता, तरी घट्ट धरलं. "तिच्यासमोर बोलू नका. तिला कळलं की ती तारीख घालील."

बाहेरून हाक आली, "काय कुजबुज चाललीय? माझी बिस्किटं कुठायत?"

"अगं, ट्रे पडला हातातून!" ताई ओरडल्या. "सगळी खाली सांडली!"

"धांदरटच आहेस. लहानपणापासून."

दुसऱ्या दिवशी ताईंनी ओव्हनच्या बिजागरीला तेल घातलं. दार आता मुकाट उघडायचं. त्या विजेरी घेऊन दर दोन मिनिटांनी फटीतून आत डोकवायच्या. ताव जायचा, बिस्किटं चपटी व्हायची, पण करपत नव्हती. झाली की त्या ट्रे बाहेर काढायच्या आणि दोन्ही हातांत फडकी घेऊन तो तसाच धरून ओट्यापाशी उभ्या राहायच्या. खाली ठेवला तर पत्र्याचा आवाज व्हायचा ना. छोटीची हाक यायची कधी लगेच, कधी सात-आठ मिनिटांनी. "काढ आता!" आली की ताई पायाने ओव्हनचं दार धाडकन लावायच्या आणि म्हणायच्या, "अगदी वेळेवर सांगितलंस हो!"

हे मी साडेतीन महिने पाहिलं. एकदा म्हटलं, "ताई, सांगून टाका. ती काही खरंच जायची नाही."

"तुम्ही तिला ओळखत नाही. शर्टाचं एक बटण वाकडं लागलं म्हणून हिने बाराच्या बारा उसवली होती."

छोटीला संशय आला होता का, ते मला आजही सांगता येणार नाही. एकदा ती एवढंच म्हणाली होती, "हल्ली दार फार जोरात आपटतेस गं." ताई म्हणाल्या, "बिजागरी सैल झालीय." छोटीने बिस्किट चहात बुडवलं, बराच वेळ धरून ठेवलं. ते गळून कपात पडलं. तिने ते चमच्याने खाल्लं.

तिचं खाणं तेव्हा कमीच होत चाललं होतं. डॉक्टर दोनदा येऊन गेले होते आणि जाताना जिन्यात माझ्याशी बोलले होते, ताईंशी नाही.

त्या दिवशी मी पाच-दहा मिनिटं उशिरा गेले. दार नेहमीसारखं लोटलेलं. छोटीची मान भिंतीकडे वळली होती. झोपलीय असं वाटून मी पाय न वाजवता आत गेले. ताई ओट्यापाशी उभ्या होत्या, हातांत ट्रे. बिस्किटं सुंदर झाली होती, कडा बदामी.

"अजून काढ म्हणाली नाही," त्या माझ्याकडे न बघता पुटपुटल्या.

मी ट्रेला हात लावला. तो पार गार झाला होता.

"ताई, किती वेळ उभ्या आहात?"

"म्हणेल आता. आज जरा उशीर लावतेय."

मी बाहेर जाऊन छोटीचा हात पाहिला. मग आत येऊन ताईंच्या हातांतून ट्रे घेतला. तो त्या सोडत नव्हत्या. बोटं एकेक करून सोडवावी लागली. ओव्हनचं दार उघडंच होतं. ते तसंच राहिलं.

त्यानंतर ताईंनी लोणी आणलं नाही. मी म्हटलं, "मी बसते त्या जागी. मला येतो वास, मी सांगीन." त्यांनी मान हलवली. "तुमचं नाक चांगलं असेल बाई, पण मला ओरडून कोण बोलणार? तुम्ही तर अहो-जाहो करणार."

महिन्याने त्या जिना चढून वर आल्या. गुडघे धरत, मधे दोनदा थांबत. हातात तोच अर्ज होता. उशीखाली राहून राहून त्याला घड्या पडल्या होत्या. तारखेची जागा कोरीच होती.

"नऊ वर्षं जपून ठेवला तिने," ताई म्हणाल्या, "पण तारीख नाही घातली." मग खुर्चीत बसून श्वास आवरला. "नाव खोडून माझं घाला. वय सत्तर करा. पत्ता तोच."

"ताई, तुम्ही चालत्या-फिरत्या आहात. हा अर्ज अंथरुणाला खिळलेल्यांचा आहे."

"घेतील. काल रात्रभर गॅस चालू राहिला होता म्हणून सांगा. आज सकाळी वरच्या खिडकीतून तुम्हीच विचारलंत ना, कसला वास येतोय म्हणून?"

विचारलं होतं मी. त्यांनी खालून "काही नाही हो" म्हटलं होतं.

मी पेन घेतलं. छोटीच्या नावावर एकच आडवी रेघ ओढली, खालचं अक्षर वाचता येईल अशी. वर ताईंचं नाव लिहिलं.

"तारीख?"

"आजचीच घाला," ताई म्हणाल्या.