‘दुकानावर’ या शब्दाचा घोळ

शिवणबाईंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांच्या वैतागामुळे. मी पँट आखूड करायला घेऊन गेलो होतो. तेवढ्यात एक किडकिडीत माणूस दाराशी आला आणि हळूच म्हणाला, “मावशी, बटण आहे?”

“आहे की! दोन भोकांचं की चार?” बाईंनी डबा पुढे केला.

तो डब्याकडे बघतच राहिला आणि सटकला.

“सकाळपासून हा चौथा! शर्ट कुणी आणत नाही, नुसतं बटण हवं!”

उलगडा शेजारच्या औषधवाल्याने केला. बटण म्हणजे नशेच्या गोळ्या. विक्री बाईंच्या डोक्यावरच्या खोलीत चाले. नवखी गिऱ्हाइकं चुकून खाली येत. बाईंनी कपाळावर हात मारला. “आणि मी मेली महिनाभर त्यांना रंग विचारतेय!”

गल्लीची बैठक भरली. दोन तास चर्चा झाली ती पोलिसांकडे द्यायच्या अर्जावर पहिली सही कोणाची, यावर. जो तो म्हणे, “माझी खाली कुठेतरी घ्या.” शेवटी बाई उठल्या. “आणा इकडे. तुमची पेनं काय अंडी उबवतायत?” त्यांनी ठसठशीत सही केली. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं त्या दुकानावरच त्यांचं पोट होतं. त्या खोलीपायी चांगली गिऱ्हाइकं यायची थांबली होती.

अर्ज लिहिला होता मी. तीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस! ऱ्हस्वदीर्घ तीनदा तपासले होते. आणि वाक्य लिहिलं होतं: ‘शिवणबाईंच्या दुकानावर नशेच्या गोळ्या विकल्या जातात.’

तिसऱ्या दिवशी पोलीस आले ते थेट बाईंच्या दुकानात. डबे उपडे केले, अस्तरं उसवली. तो गोंधळ ऐकून वरची मंडळी मागच्या जिन्याने सामानासकट पसार झाली. भर दुपारी रस्त्यावर बघ्यांची गर्दी. सही करणारे बाकीचे बावीस जण त्यात होते, पण पुढे एकही आला नाही. मी धापा टाकत पोचलो आणि साहेबांना ‘दुकानावर’चे दोन अर्थ समजावू लागलो. ते म्हणाले, “गुरुजी, मग ‘वरच्या मजल्यावर’ लिहायला शाई संपली होती का?”

बाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “सर, मला पत्र लिहिता येत नाही म्हणून तुम्हाला सांगितलं होतं.”

मी नवा अर्ज लिहिला, पोलिसांकडून बाईंचा काही संबंध नसल्याचं लेखी आणलं. दुकान आणि वरची खोली ज्याची, त्या घरमालकाने बाईंना जागा सोडायला सांगितलं होतं. त्याने कागद वाचला, घडी घातली. “बाई निर्दोष आहेत हो. पण पोलीस आले ते दुकान, असं नाव झालं. मला भाडेकरू मिळायला नकोत?” वरच्या खोलीत कोण राहतं, हे त्याने दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! मी बावीस दारं ठोठावली. कुणाला लग्नाला जायचं होतं, कुणाचे गुडघे दुखत होते. मालकाकडे माझ्याबरोबर फक्त औषधवाला आला. मालक बधला नाही.

महिन्याच्या अखेरीला बाईंनी दुकान सोडलं. आता त्या नणंदेच्या घरी, पुढच्या खोलीत शिवतात. तिथे उजेड सकाळीच येतो, म्हणून काम सात ते बारा एवढंच घेतात.