केरीच्या वाळूत बारा दिवस अनवाणी

सकाळी फोन आला आणि तासाभरात मी कोल्हापूरच्या स्टँडवर गोव्याच्या एसटीत बसलो होतो. शेजारच्याने घरूनच बीचवरची टोपी घातली होती. "एकटेच? गोव्याला एकटं कोण जातं!" वडील गेल्याचं मी सांगितलं नाही. उगाच त्याला टोपी काढावी लागली असती.

रस्ता आंबोली, सावंतवाडी, बांदा असा. घाटात मळमळत असेल तर गोळी निघण्याआधीच घ्या. पेडण्याला उतरून केरीची बस मिळते. संध्याकाळी मी अग्नी दिला.

केरी सुंदर आहे. सुरूची झाडं, त्यांच्यापलीकडे समुद्र, तेरेखोलला जायला फेरीबोट. आमच्या घराचं अंगण म्हणजे नुसती वाळू. क्रिया धरलेल्याने बारा दिवस पायात काही घालायचं नाही, म्हणून मी त्याच वाळूत अनवाणी फिरत होतो. त्याच वाळूत बॉबी, बाबांचा कुत्रा, झोपायचा आणि बाकीचंही सगळं उरकायचा. आई दिवसभर कुणाशी बोलत नसे, पण त्याच्याशी बोलत असे.

नवव्या दिवशी तळपायाला खाज सुटली. अकराव्या दिवशी तिथे लाल, नागमोडी रेघ उठली आणि ती रोज थोडी पुढे सरकू लागली. काकांनी बघितली.

"कुत्र्याच्या घाणीतलाच कायतरी. दादा होतो तोवर ठीक. आता तेका फेरीत घालून तेरेखोलाक सोडून येतंय. माणसाक तिकीट नाय, तेका तरी कोण विचारता?"

आई आतून आली, वाकून पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "कुत्र्याचा काय संबंध? ही नागाची वाट. कुंपणाकडचां वारूळ मोडल्यानी ना ह्याच्या बापाशीन?"

काकांनी फेरीचा विषय सोडला. नागापुढे आमच्या घरात कुणी बोलत नाही.

तेराव्या दिवशी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला निघालो. केरीहून म्हापसा आणि तिथून डिचोली, दोन्ही बसना गर्दी. डिचोलीच्या बाजारात भाजी-उंडो, म्हणजे भाजीबरोबर तिथला गोल पाव, खाल्ला आणि जवळच्या त्वचेच्या डॉक्टरांना पाय दाखवला.

"घरात कुत्रो-माजर?"

"कुत्रा आहे."

"ताच्याच पोटातली जंत. घाणीतून वाळूत, वाळूतून तुमच्या पायात. माणसाच्या आंगात तिका पुढची वाट गावना, म्हणून कातडीखाली भोंवत रावता. चपला कित्याक घालूंक नात?"

मी कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तीन दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. कुत्र्यालाही जंतांचं औषध द्या म्हणाले. म्हणजे घरात शास्त्रीय विचार करणारे एकटे काकाच निघाले.

नार्व्याला दर्शन घेतलं. देवापुढे बराच वेळ उभा होतो, पण सगळं लक्ष परत गेल्यावर काय सांगायचं यात. खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कुत्रा पलीकडे आणि आई अलीकडे एकटी.

"डॉक्टर काय म्हणालो?" काकांनी दारातच विचारलं. बॉबी आईच्या पायाशी पडून होता.

"काका, वारुळाला नारळ-दूध देऊन टाकू. आणि अंगणात कुणी अनवाणी फिरायचं नाही."

"नाग चपलांक भियेता?"

"भितो."

आयुष्यात मी काकांशी पहिल्यांदा खोटं बोललो, तेही बाबांच्या तेराव्याला. जनावरांच्या दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या आईला गुपचूप दिल्या. दुसरी पंधरा दिवसांनी द्यायची. तिने काही न विचारता पदराला बांधल्या.

आता कोल्हापुरात परत येऊन पंधरवडा होतोय. रेघ वाळली, खपलीही निघाली. तिकडे जाणाऱ्यांनी वाळूत चपला घालाव्यात, एवढंच. काल दुसऱ्या गोळीची आठवण करायला आईला फोन केला.

"दिली रे. मेल्यान उंडो खाल्लो आणि गोळी थुकली. मगे बांगड्यात घालून दिली. तुज्या बाबांनीव तशीच दिलेली."

"बाबांनी? कधी?"

"तेंच्या पायाक दोनदा नाग इललो."

ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मला मात्र हसू आलं नाही. दोनदा असं होऊन गेलं, मला पत्ताच नाही, आणि मी त्यांच्या पायांकडे नीट पाहिलं ते थेट तिरडीवर.

"दिवाळीला येतो," मी म्हटलं.

"ये. चपला घालून ये. नारळाचां मी बघतंय."