तिसरा स्क्रू

रफूकाकूंना मोटरसायकल चालवता येत नाही. सायकलसुद्धा येत नाही. कुणाच्या मागे बसल्याच, तर चालवणाऱ्याचा शर्ट खांद्यापाशी उसवेल इतका घट्ट धरतात. पण गाडीचं फुटलेलं फायबर जोडावं तर त्यांनीच, हे आसपासच्या चार गॅरेजवाल्यांनी आता कबूल केलं आहे, आणि गॅरेजवाले एकमेकांबद्दलसुद्धा सहसा बरं बोलत नाहीत.

फायबर म्हणजे गाडीच्या अंगावरची कव्हरं. असतं प्लास्टिकच, पण गॅरेजात त्याला सगळे फायबर म्हणतात, तर आपणही म्हणू.

काकू मूळच्या कापडातल्या. सव्वीस वर्षं एका लाँड्रीच्या खिडकीशी बसून त्यांनी कोटांना पडलेली सिगारेटची भोकं आणि शालींना लागलेली कसर बुजवली. रफूचा पहिला नियम असा, की दोरा बाहेरून आणायचा नाही, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून उपसायचा. दुसरा नियम, गिऱ्हाइकाला उलटी बाजू दाखवायची. पुढे लोकांनी रफू करून घेणंच सोडलं, काकूंना बारीक दोरा दिसेनासा झाला आणि लाँड्रीला कुलूप लागलं. हे सगळं एका वर्षात झालं. घर नुसतं खायला उठलं.

त्यात एकदा लेकीची नेलपॉलिश काढायची बाटली एका डबीवर सांडली आणि डबीचं झाकण विरघळून चिकट झालं. काकू लेकीला बोलायचं ते बोलल्याच, पण मग त्या झाकणाकडे बघत बसल्या. प्लास्टिकचा लगदा होतो, तर त्याचंही रफूकाम होईल की!

त्यांच्या दिरांचं गॅरेज होतं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस, पण धीर म्हणून नाही. पाणी उकळेपर्यंतसुद्धा दम निघायचा नाही. त्यांनी वहिनीला मागची खोली दिली, दाराला पडदा लावला आणि सांगितलं, "एक महिना करून बघा. जमलं तर उत्तम. नाहीतर खोली सीटकव्हरवाल्याला देतो, तो कधीचा मागे लागलाय."

"आणि पडदा कशाला, भाऊजी?"

"गिऱ्हाईक बिचकतं हो. गाडीला बाईचा हात म्हटलं की..." पुढचं वाक्य मिस्त्रींनी गिळलं. काकूंनी राग गिळला. त्यांना कामाची गरज होती, आणि ती पोटापेक्षा हातांना जास्त होती.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. पुढच्या मडगार्डला लावलेला लगदा सुकून खपलीसारखा गळून पडला. मिस्त्री हसले. काकूंनी मग दहा गाड्यांच्या भंगारातून दहा कपच्या कापल्या आणि पाण्याच्या वाटीत टाकल्या. काही बुडाल्या, काही तरंगल्या. बुडणाऱ्या नेलपॉलिश काढायच्या औषधात विरघळत होत्या, तरंगणाऱ्या हूं की चूं करत नव्हत्या. त्या दिवसापासून वाटी टेबलावरून हलली नाही. तरंगतं ते तापल्या इस्त्रीने सांधायचं, बुडतं ते लगद्याने.

खरी अडचण वेगळीच होती. फायबर त्यांच्याकडे दोनदा फुटून यायचं, एकदा रस्त्यावर आणि एकदा मिस्त्रींच्या हातात. आतल्या बाजूला अडकवायचे छोटे कान असतात, ते हिसक्याने तुटतात.

"मला काढू द्या ना," काकू म्हणायच्या.

"काढण्यात काय आहे? दोन स्क्रू आणि एक हिसका."

महिन्याचे चार दिवस उरले, तेव्हा ड्रायव्हरसाहेब आले. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, बसला कधी ओरखडा नाही. त्यांची लाल मोटरसायकल मात्र उभ्या उभ्या पडली होती. दोन कुत्री एकमेकांच्या मागे लागली आणि गाडीवर आदळली. उजव्या बाजूच्या पॅनलला बोटभर चीर गेली होती. रविवारी नात येणार होती, तिला नोकरी लागली होती आणि ही गाडी आजोबा तिला देणार होते. "तिला फुटकी गाडी देणार नाही," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून समोरच बसले.

मिस्त्रींनी दोन स्क्रू काढले. पडद्याआडून काकूंना ते ऐकू आलं.

"भाऊजी, अजून एक असेल हो. हाताने चाचपून बघा."

"वहिनी, बावीस वर्षं हेच करतोय!"

आणि कटकन आवाज झाला.

पॅनलचे सरळ दोन तुकडे. एक कान तुटून कुठे उडाला तो सापडेना. तिसरा स्क्रू छोट्या रबरी बुचाखाली होता, तो जागचा हलला नव्हता. ड्रायव्हरसाहेब उभे राहिले. ओरडले नाहीत, त्यामुळे मिस्त्रींना जास्तच लागलं. हे मॉडेल बंद होऊन बारा वर्षं झालेली, नवं पॅनल मिळणार कुठून? चार दुकानांना फोन झाले, चारही ठिकाणी नन्नाचा पाढा.

मिस्त्री पडदा सारून आत आले. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण काकूंनी ती म्हण तोंडावर येऊ दिली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "जमेल. पण दुसऱ्या बाजूचं पॅनल बघायला हवं, कान कसा होता ते कळायला. आणि ते मी काढणार. बाहेर."

मिस्त्रींनी पडद्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "या," म्हणाले.

काकू पदर खोचून बाहेर आल्या. हेही मोडलं तर खोली गेलीच, वर आयुष्यभराचं हसं. त्यांनी पॅनलच्या कडेने तळहात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. बूच सापडलं. तिन्ही स्क्रू निघाल्यावरही त्यांनी ओढलं नाही. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं कडेवर धरलं.

"हे कशाला?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

"जुनं प्लास्टिक कडक होतं, साहेब. आपल्या गुडघ्यांसारखं. शेकलं की ऐकतं."

मग त्यांनी पॅनल बाहेर न ओढता पुढे सरकवलं. टक, टक, टक. तीन कान, तिन्ही शाबूत. ड्रायव्हरसाहेब पुन्हा खुर्चीत बसले.

फुटलेल्या पॅनलच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाहीत अशा उंचवट्यांवरून काकूंनी लाल भुगा खरवडून घेतला. त्याच पॅनलचा, त्याच लाल रंगाचा. त्याचा लगदा केला. दोन्ही तुकडे जुळवून चिरेला खाच पाडून भरला, मागून चहाच्या गाळण्याची जाळी तापवून दाबली, हरवलेला कान दुसऱ्या बाजूचा बघून उलटा घडवला. मग दोन दिवस वाळवण. मिस्त्री तासातासाला यायचे आणि बोट पुढे करायचे.

"भाऊजी, पी हळद आणि हो गोरी असं होत नाही इथे. हात मागे!"

हात मागे जायचा. मग पाण्याचा पॉलिश पेपर, आधी खरबरीत, नंतर मऊ, मनगट भरून येईपर्यंत.

रविवारी सकाळी नातीच्या आधी आजोबा हजर. त्यांनी अंगठा लाल पॅनलवरून दोनदा फिरवला. "कुठे होतं?"

काय वाटलं म्हणता काकूंना! लाँड्री बंद झाल्यापासून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. मिस्त्री डोळ्यांनी खुणावत होते, की आता गप्प बसा. पण नियम तो नियम. काकूंनी पॅनल उलटं केलं. आत जाळीची रेघ, खरवडल्याच्या खुणा, नवा कान, सगळं उघडं.

"इथे होतं, साहेब. लपवलेलं नाही काही. वरून मात्र शोधूनही सापडायचं नाही."

ड्रायव्हरसाहेबांनी चष्मा लावून ती उलटी बाजू नीट पाहिली. "हीच बाजू नातीला दाखवतो," ते म्हणाले. नात आली, तिनेही पाहिली, आणि पॅनल गाडीला बसवताना शेवटचं बूच तिनेच अंगठ्याने दाबलं.

सोमवारी महिना संपला. सकाळीच सीटकव्हरवाला दारात उभा. काकूंनी पडद्यामागून ऐकलं, मिस्त्री त्याला म्हणत होते, "खोली तुझी. आजच सामान आण."

काकूंनी वाटीतलं पाणी ओतून दिलं, कपच्या पुसून कागदात बांधल्या. तोंडी कराराप्रमाणेच होतं सगळं.

पडदा सरकला. मिस्त्री आत आले आणि त्यांनी तो कड्यांसकट काढून खांद्यावर टाकला.

"वाटी कशाला रिकामी केलीत? टेबल पुढे घ्यायचंय. दाराशी, उजेडात. इथे तुमचे डोळे जातील."

मिस्त्रींनी टेबलाची एक बाजू धरली, उचलणार तोच थांबले. खाली वाकले आणि टेबलाच्या कडेने, पायांपाशी, मागे भिंतीलगत सावकाश हात फिरवला.

"वहिनी," त्यांनी खालूनच विचारलं, "कुठे अडकलेलं नाही ना काही?"