पांढऱ्या वावराचा फोटोवाला

"डोळे आहेत का बटणं?" असं तो माणसाला तोंडावर विचारायचा. आधी पिकाचं पान अंगठ्यावर घेऊन उलटं करायचा आणि मग हे. कुणी बरं म्हणेल हो अशा माणसाला? मी तर मुळीच म्हटलं नाही.

पिंपरीच्या एका कारखान्यात तो लोखंडाच्या ओतीव भागांचे एक्सरे काढायचा. आतली चीर बाहेर दिसायच्या आधी हुडकायची, हे त्याचं काम. गुरुवारी कारखान्याला सुट्टी, की हा सायकल मारत आमच्या तळवड्यात हजर. तेव्हा इथं सगळी शेतंच होती बरं का. आमच्या ह्यांची त्याच्याशी चहाच्या टपरीवर ओळख झाली आणि ह्यांनी आमच्या वावरातला राखणीचा उंच माळा त्याला वरून पिकाचे फोटो काढायला देऊन टाकला. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

त्याच्याकडे कसलीशी वेगळी फिल्म होती. तिच्यात तजेलदार पान पांढरंशुभ्र उमटायचं, तहानलेलं काळपट. "लोखंड काय, पान काय," तो म्हणायचा, "बाहेरून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो." एका शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर फोटो घेऊन आला. अख्खं वावर पीठ सांडल्यासारखं पांढरं आणि लिंबाकडच्या कोपऱ्यात काळा डाग.

"वहिनी, इथं पाणी द्या."

"हिरवंगार तर हाय की!"

"डोळे आहेत का बटणं?"

मी नाही दिलं. चार दिवसांत त्या कोपऱ्यानं माना टाकल्या. तुम्ही म्हणाल, मग तरी पटलं असेल. छे! मी गावभर सांगितलं, त्याच्या यंत्राची दृष्ट लागली.

त्या उन्हाळ्यात आम्ही कांद्याचं बी धरलं होतं. फुलांचे गोंडे वर आलेले. विहीर भावकीत सामाईक, आमची पाळी शनिवारी, आणि पाणी अर्ध्या वावरालाच पुरेल इतकं. कुठलं अर्धं, एवढाच प्रश्न. बी गेलं तर पुढच्या सालाला पेरायला काही नाही.

थोरल्या जाऊबाई कानाशी लागल्या. "व्हय गं, आपण वावरात असलो की त्यो मेला माळ्याखाली बसून ऱ्हातोय. पानांचं फोटू न्हाईत ते, बायांचं हायत!"

पुढच्या गुरुवारी फोटो काढून झाल्यावर तो ओढ्यावर हातपाय धुवायला गेला. फिल्मची डबी आमच्या रांजणाशी, ओल्या फडक्यात. उन्हानं ती खराब होते म्हणे. मी डबी उघडली, भर अंगणात फिल्म सर्रकन ओढली आणि उन्हाकडे धरून बघायला लागले. बाई नाही, पान नाही, काहीच नाही.

तो दारात उभा होता. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला नाही. "यात तुमच्या वावराची तहान होती," म्हणाला. "आता उजेडानं धुऊन निघाली." आणि सायकल काढून गेला. फोटोंची पिशवीसुद्धा विसरला.

"जा की!" मी मागून म्हटलं. "तुझ्यावाचून काय शेती अडलीय?"

शनिवारी मी माझ्या डोळ्यांना दिसलं तिथं पाणी सोडलं. रस्त्याकडची पात पिवळट झाली होती ना, तिथं. ती तहान नव्हती हो, ट्रकांची धूळ होती. मधला हिरवा पट्टा मी तसाच ठेवला. पुढच्या पाळीपर्यंत तिथले गोंडे करपले. तळहातावर चोळले तर नुसता भुसा.

तरीही माझा राग त्याच्यावरच. ह्यांनी पिशवी द्यायला पिंपरी गाठली, तर तो काम सोडून गेलेला. कुठं, कुणाला ठाऊक नाही. मग मीच पिशवी उघडली. म्हटलं, आता सापडतील बायका.

सगळे फोटो अंगणात मांडले. पांढरी वावरं, काळे डाग. एकातही बाई नाही. साधं पदराचं टोकसुद्धा नाही. तेव्हा कुठं ध्यानात आलं. आम्ही भाकरीला चिंचेखाली गेलो की मगच तो माळ्यावर चढायचा. आम्ही वावरातून निघायची वाट बघत बसायचा खाली, उपाशी.

शेवटच्या फोटोत माळ्याची सावली पडलीय आणि वर त्याची. भर बाराची, बुटकी, यंत्र डोळ्याला लावलेली. चिंचेखाली भाकरी सोडताना मी त्याला एकदाही "या" म्हटलं नव्हतं.