बाबालाल मणेराचा रोजा

“तहान दुपारपर्यंत छळते, मग तीही दमते, जीभ मात्र दिवस मावळेपर्यंत दमत नाही,” असं बाबालाल मणेर एकदा बोलून गेला होता.

चाकणपासून चिखलीपर्यंतच्या गावांत तो बांगड्या भरत फिरे. बायकांना त्याच्या बांगड्यांहून त्याच्या गोष्टींची ओढ जास्त. कोण रुसलं, कोण पळालं, हे तो हात चेपता चेपता सांगे, आणि दुखरा हात विसरून बायका हसत. रमजानात मात्र त्याच्या गोष्टी बंद.

पंचावन्न साली रमजान ऐन वैशाखात आला. कौशल्याबाईंच्या ओट्यावर तो त्यांचा डावा हात भरत होता.

“पाणी देऊ का रं? ओठ बघ कसं फुटल्यात.”

“नको आक्का, रोजा हाय.”

“मग बोल तरी. बोलायला बी रोजा आडवा येतो व्हय?”

“तिथंच तर येतो.”

शेजारच्या सगुणाबाई फिसकन हसल्या. “मणेरच मुका झाला, आता बांगड्या कशा खपायच्या!”

कौशल्याबाई हसल्या नाहीत. त्यांच्या ज्योतीरामसाठी चिखलीची मंजुळा पाहिली होती. बेस्तरवारी सुपारी फुटायची होती. “तूच म्हनला व्हतास ना, त्या पोरीच्या हातात बांगडी टिकत न्हाई? एका बैठकीत डझनभर फुटल्या म्हनं. असल्या हाताची सून एकुलत्या पोराला करू? आज नकार धाडते. एवढं सांग, खरं हाय ना?”

बाबालालचा हात थांबला.

माघात मंजुळाचा हात भरताना बांगड्या फुटल्या होत्या, हे खरं. पण तो मालच स्वस्तातला, कच्च्या भाजणीचा होता. उरलेला खपावा म्हणून त्यानं पोरीच्या हाताला नाव ठेवलं. बायका हसल्या, तशी पुढच्या गावात गोष्टीला आणखी फोडणी दिली.

नुसती मान हलवली तरी भागणार होतं. मालाचं कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी वाटेत विहिरीवर त्यानं तोंड धुतलं होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी ओंजळीतलं पाणी घशाखाली गेलं नाही. ते कुणाला भिऊन? ज्यानं ती ओंजळ पाहिली, त्यानं बांगड्याही पाहिल्या होत्या. मग उपाशी राहून आपण साधलं काय? गप्प बसलो, म्हणजे जीभ आवरली असं समजलो. पण माघात तोंडातून सुटलेलं अजून एका पोरीला खात होतं.

“आक्का,” तो म्हणाला, “हात पोरीचा वाईट न्हाई. माल माझा वाईट व्हता. दोष मी तिच्यावर ढकलला.”

सगुणाबाईंनी पटकन आपली मनगटं पदराखाली घेतली. “आन् ह्या, आमच्या हातातल्या?”

“ह्या चांगल्या हायेत. पर आता माझ्यावर इश्वास कोन ठिवल?”

“मेल्या, पोरीचं जमलेलं मोडत व्हतं की रं!” कौशल्याबाई कडाडल्या. मग घरात बसलेल्या दिराला त्यांनी हाक मारली, “सोनबा, निरोप न्यायचा न्हाई. बेस्तरवारी सुपारी फोडायला जायचं.”

आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. “भर. लग्नाचा चुडा बी तूच भरशील. पर आधी त्या पोरीच्या दारात जाऊन हेच सांग. समद्यांदेखत.”

त्यानं हात भरला. बांगड्या भरणाऱ्याला नमस्कार करायच्या रिवाजाप्रमाणे कौशल्याबाई वाकल्या, तेव्हा त्याची नजर वर होईना. त्यानं गाठोडं बांधलं, खांद्यावर टाकलं आणि ओटा उतरून, भर उन्हात चिखलीच्या वाटेला लागला.