सातपाटीहून सुमतीला आणायला गेले, त्याची गोष्ट

सातपाटीला सहसा कुणी फिरायला जात नाही. मी गेले कारण मला रेडिओवर काम हवं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मला समुद्राची फार आवड आहे.

झालं असं, की रेडिओवर नवी मालिका येणार होती आणि त्यातल्या धाकट्या बहिणीच्या कामासाठी शेवटी दोघीच उरलो होतो. मी आणि माझ्या कॉलेजातली नलिनी. नलिनीचा आवाज गोड आहे, हे मलाही मान्य करावं लागतं, आणि ते मान्य करताना काय होतं ते माझं मला माहीत. प्रोड्यूसर साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, विमलताई आमच्या कुठल्याच निरोपाला उत्तर देत नाहीत. तू त्यांची एवढी भक्त म्हणवतेस, तर जाऊन त्यांना तयार कर. सोमवारपर्यंत त्यांचा होकार आणलास, तर धाकटी बहीण तू.

विमलताई म्हणजे सुमती. ज्यांच्या घरी रेडिओ आहे त्यांना आणखी सांगायला नको. मालिकेचं नाव वेगळंच होतं, पण सगळे तिला ‘सुमती’च म्हणायचे. दर बुधवारी संध्याकाळी आमच्या अख्ख्या बिल्डिंगमधून तिचाच आवाज यायचा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे घरात आईने रागावून बोललेलं सोडलं, तर उरलेलं सगळं मराठी मी सुमतीकडून शिकले. शेवटच्या भागात तिचा नवरा वारला. पांढरं पातळ नेसून ती जिन्यावर बसते, असं निवेदक सांगतो आणि मालिका संपते. त्या दिवशी आमच्या समोरच्या काकूंकडे चूल पेटली नाही. मी तर सरळ तापच आणला. सुमती माझ्याइतकी कुणाचीच नाही, असं माझं पक्कं मत होतं. शाळेत दुसरी कुणी तिची नक्कल करायला लागली, की मी उठून जायचे.

तर शनिवारी सकाळी बॉम्बे सेंट्रलहून वलसाडकडे जाणारी पॅसेंजर पकडली. खिडकी डाव्या बाजूची घ्या. विरार सोडलं की गाडी मोकळी होते, वैतरणेचा पूल येतो आणि मग मिठागरं. कोळसा डोळ्यात जातो, म्हणून चष्मा असला तर लावून बसा. विमलताईंचे यजमान तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फोरमन आहेत एवढं मला कळलं होतं, म्हणून मी थेट बोईसरला उतरले. ही चूक तुम्ही करू नका.

बोईसर स्टेशनाबाहेर सिमेंटचे ट्रक आणि हिंदी. चहावाला हिंदीत, टांगेवाला हिंदीत, पानवाला तर आपल्याच साताऱ्याकडचा निघाला, पण तोही आधी हिंदीतच बोलला. टांगा करून सालवडला गेले. बांधकामावरची बरीच माणसं तिथे भाड्याने राहतात. विमलताईंच्या दाराला कुलूप. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती, तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“शनिवार को भाभी नहीं मिलेगी,” ती म्हणाली. “शनिवार को सातपाटी जाती है.”

मासळी आणायला का, असं मी विचारलं. त्यावर ती नुसतीच हसली.

सातपाटीला जायला पालघर गाठायचं, म्हणजे आले त्याच वाटेने मागे. टांगेवाला पुन्हा तोच आणि या खेपेला त्याने भाडं वाढवून सांगितलं. पालघर स्टेशनाबाहेर गरम भजी मिळतात, ती खाऊन घ्या, कारण पुढे काही नाही. तिथून एस.टी. शिरगाववरून जाते. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, आणि गाडीत रिकाम्या टोपल्या घेऊन घरी निघालेल्या कोळणी. त्यांच्या गप्पा ऐकत बसलं तर वेळ बरा जातो. एक दुसरीला सांगत होती, की आज उशीर झाला तर पुढचं ऐकायचं राहील. काय ऐकायचं, ते मला तेव्हा कळलं नाही.

सातपाटी आधी नाकाला कळतं. मी रुमाल काढला, मग पाहिलं की गाडीत दुसऱ्या कुणीच काढला नाही, म्हणून परत ठेवला. समोर बंदरात होड्या, काठावर जाळी पसरलेली, आणि मागे मोकळ्या जागेत नजर पोचेल तिथपर्यंत बांबूंचे मांडव. त्यावर बोंबील वाळत असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि जोडी काठीवर टाकतात. बायका हे काम इतक्या झपाट्याने करतात, की कधी अडकवलं ते दिसतच नाही.

आणि त्या मांडवांच्या मधून सुमतीचा आवाज आला.

मी जागच्या जागी थांबले. रेडिओ कुठे दिसेना. पुढे गेले तर पंचवीस-तीस बायका बोंबलांचे ढीग घेऊन बसलेल्या, आणि मधे एका उलट्या टोपलीवर साधं हिरवं पातळ नेसलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली बाई. विमलताईंना मी पहिल्यांदाच पाहत होते. ओळखायला चेहरा लागलाच नाही.

त्या सुमतीची गोष्ट पुढे सांगत होत्या. शेवटच्या भागानंतरची. सुमतीचं दुसरं लग्न झालं होतं, नवरा बंदरावर कामाला होता, सासू खाष्ट होती पण मनाने वाईट नव्हती. विमलताई सगळ्यांचे आवाज काढत होत्या. मधेच एखादी बाई म्हणायची, आता तिने सासूला बोलायलाच पाहिजे. मग सुमती खरंच बोलायची. कुणी म्हणे, एवढं नको, म्हातारी हाय. मग सुमती नरमायची.

मी बाजूला उभी राहून ऐकत होते. आम्ही मुंबईत सुमतीला पांढऱ्या पातळात सोडून रडत बसलो, आणि इथे दर शनिवारी ती नांदत होती. माझ्याशिवाय. बोंबील अडकवणाऱ्या बायका तिला काय बोलायचं ते सांगत होत्या, आणि ती ऐकत होती.

चहा आला तेव्हा मी पुढे होऊन ओळख सांगितली. विमलताईंनी मला शेजारी बसवलं आणि हळू आवाजात सगळी हकीकत सांगितली. पहिल्यांदा पालघरच्या बाजारात त्या पापलेटाचा भाव करत होत्या. मासे विकणारी हिराबाय पाठमोरी होती, ती आवाज ऐकून वळली. गावात मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर रेडिओ आहे, तिथे बसून या सगळ्यांनी सुमती ऐकलेली. सुमती विधवा झालेली यांना माहीत, आणि समोर तर कुंकू, मंगळसूत्र. हिराबायने विचारलं, पाट कधी लावलास? यांच्यात विधवेने पुन्हा लग्न करणं, म्हणजे पाट लावणं, ही काही लपवायची गोष्ट नाही. विमलताईंनी खूप समजावलं, की ते नाटक होतं, माझा नवरा पहिल्यापासून हाच. बायकांना वाटलं, शहरातली आहे, लाजते. पुढच्याच आठवड्यात त्यांना लुगडं-नारळ देऊन गावात बोलावलं. यजमानांनाही नेलं, त्यांना बायकांनी उलटसुलट पाहून घेतलं आणि बरा आहे म्हणाल्या. मग पुढे काय झालं ते सांग म्हणून बसल्या, आणि शनिवार सुरू झाले.

“ते सगळ्यांना सांगतात, मी सुमतीचा दुसरा,” विमलताई म्हणाल्या. “पहिला रेडिओवर गेला.”

मी म्हटलं, पण तुम्ही यांना नीट सांगत का नाही, हे खोटंच आहे ना. मी हे शुद्ध मराठीत आणि जरा मोठ्याने म्हटलं असणार, कारण दोन-तीन बायकांनी माना वळवल्या. विमलताईंनी फक्त चहाचा कप खाली ठेवला.

एवढ्यात हिराबायने मला विचारलं, तू कोण तिची? मी सांगितलं की मी रेडिओवर काम करणार आहे, धाकट्या बहिणीचं. हे ऐकल्यावर मला कुणी सोडेना. सुमतीला इथेही एक धाकटी बहीण होती, शांता, आणि चहानंतर तीच येणार होती. विमलताई म्हणाल्या, बघ करून.

शांता बहिणीला भेटायला येते आणि सांगते की माहेरी आईने तुझं नाव टाकलंय, एवढाच प्रसंग. मी केला. एकही शब्द अडखळला नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या तसा श्वास धरून, जिथे थांबायचं तिथे थांबून. पण मी बायकांचे हात बघत होते, आणि ते हात चालूच होते. जबडा जबड्यात, काठीवर, जबडा जबड्यात, काठीवर.

“बरं वाचते,” हिराबाय म्हणाली. माझ्या हातात कागद नव्हता.

मग कुणीतरी म्हणालं, चंपीला सांगा. चंपी म्हणजे हिराबायची सून, माझ्याच वयाची. ती पुढे आलीसुद्धा नाही. हातातला बोंबील तसाच धरून, खाली बघत म्हणाली, “आयेनी तुजा नाव टाकलाय, ताय. ताट मात्र रोज मांडते. मंग उचलते.”

ते ताट माझ्या बोलण्यात नव्हतं. तिने आत्ता घातलं. आणि सगळे हात थांबले. एका म्हातारीने पदर डोळ्याला लावला, मासळीच्या हाताने. विमलताईंचा आवाज पुढच्या वाक्याला खरंच फुटला. माझ्या वेळी तो फुटला नव्हता, रेडिओवरही कधी नाही. नलिनीचा हेवा मी आजवर केला, तो आता पोरखेळ वाटला. मला चंपीला उचलून समुद्रात टाकावंसं वाटलं, आणि तिच्या शेजारी बसून ती हे कसं करते ते बघावंसंही वाटलं.

गोष्ट भलत्याच ठिकाणी थांबली. रात्री सुमतीच्या दारावर थाप पडते, ती विचारते कोण, आणि बाहेरचा माणूस तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारतो. बस, पुढच्या शनिवारी. बायका कुरकुरत उठल्या. मला मात्र आता बोलायलाच हवं होतं, शेवटची एस.टी. सुटायला आली होती. मी विमलताईंना नव्या मालिकेचं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला, हे मी शपथेवर सांगते. कोणता वार, किती वाजता, नायक कोण, त्यांनी भराभर विचारलं. केसांवरून हात फिरवला, जणू रेडिओवर केस दिसतात.

मग म्हणाल्या, “काम कुठलं?”

आईचं, मी म्हटलं. नायिकेच्या आईचं. ती विधवा असते.

विमलताई हसल्या. सुमती संपल्यावर त्यांना काय काय मिळालं ते त्यांनी बोटांवर मोजलं. एक साबणाची जाहिरात, एक मरणारी आत्या, आणि एका नाटकात नुसता देवघरातून येणारा आवाज. कुठलंही काम केलं तरी लोक म्हणायचे, ही तर सुमती. आणि सुमतीचं वय झालं, असंही तेच म्हणायचे. त्यांचं वय चौतीस आहे.

हिराबाय टोपली उचलता उचलता थांबली होती. तिला काय चाललंय ते नीट कळलं असावं. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“तुमच्या मुंबईनी तिला रांडाव केली न सोडून दिली,” ती म्हणाली. “आमी तिचा संसार मांडला. आता परत पांडरा नेसवाला नेतेस?”

मी म्हटलं, ते फक्त काम आहे. मी विमलताईंकडे बघितलं, त्या तरी सांगतील म्हणून. त्यांनी पडलेला एक बोंबील उचलून काठीवर टाकला. त्यांना नीट जमला नाही, चंपीने तो काढून पुन्हा अडकवला.

“साहेबांना नमस्कार सांग,” विमलताई म्हणाल्या. “म्हणावं, सुमती अजून सव्वीस वर्षांची आहे. आई व्हायला वेळ आहे तिला.”

बायका हसल्या. एस.टी.पर्यंत मला सोडायला कुणी आलं नाही. त्यांना पुढच्या शनिवारचं बोलायचं होतं. मी वळून पाहिलं तर सगळ्या विमलताईंभोवती गोळा होऊन दारावर कोण असावं यावर भांडत होत्या.

सोमवारी मी साहेबांना जे झालं ते सांगितलं. त्यांनी खांदे उडवले आणि नलिनीला बोलावलं. पहिल्या भागाला आई मला हाक मारायला आली, तरी मी उठले नाही. भिंतीपलीकडून नलिनी ऐकू येतच होती. गोड आवाज, शुद्ध मराठी, जिथे थांबायचं तिथे थांबलेली. अगदी माझ्यासारखी. मला वाटलं होतं मी जळून जाईन. दोन बुधवारांत ते ओसरलं, खरं सांगते.

शनिवारचं मात्र ओसरत नाही. दुपारचा चहा झाला की माझं लक्ष उडतं. आत्ता पुढचं चालू असेल. आत्ता चंपीने गोष्टीत काहीतरी घातलं असेल आणि सगळे हात थांबले असतील. मला कुणी सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तरी ते नुसतं सांगणं असेल.

तेव्हा तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. पालघरला उतरा, शिरगावची एस.टी. घ्या, रुमाल काढू नका. थंडीत गेलात तर बोंबलाचे मांडव भरलेले मिळतील आणि कुणीतरी तुम्हाला सुके बोंबील स्वस्तात देईल. रविवारी जा, सोमवारी जा, हवं तर मंगळवारी जा. शनिवारी तिथे काही नसतं.

मी येत्या शनिवारी जाणार आहे.