खळ्यावरची माझी तोंडी परीक्षा

माझा राग नाकावर. असं माझी आई सांगायची, अन् जालन्यातली आमची अख्खी गल्ली माना डोलवायची. असल्या बाईला टेंभुर्णीपलीकडच्या एका खेड्यात दुसरीचा वर्ग मिळाला, तेव्हा खरी काळजी वर्गाची करायला पाहिजे होती. पण घरचे सगळे माझीच करत बसले. नव्वदच्या आगंमागंची गोष्ट आहे.

पहिल्याच वर्षी मी गणिताची तोंडी परीक्षा घेतली. टेबलावर चिंचोक्यांचा ढीग ठेवला. एकेकानं यायचं, मोजायचं, आकडा सांगायचा अन् जागेवर जायचं. लाल रिबिनींची एक पोरगी आली. तिनं पहिला चिंचोका उचलला अन् म्हणाली, "लाभ." मंग दोन, तीन, चार करत ठसक्यात अडतीसपर्यंत गेली. चिंचोके अडतीसच होते.

"पहिल्यापासून मोज. एक म्हण," मी म्हणाले.

"लाभ."

"एक."

"लाभ."

असं तीनदा झालं. मला वाटलं, ही माझी फिरकी घेऊन राह्यली. मी तिला कोपऱ्यात उभं केलं अन् वर्गाला म्हणाले, "हिला अडतीस येतात, पण एक येत न्हाई." पोरं पोट धरून हसली. त्यातल्या निम्म्यांना लाभ म्हणजे काय ते बराबर ठाऊक असणार, पण बाई हसल्या की आपण हसायचं, हा शाळेचा कायदा. मी पण हसले. ते आठवलं की आजही मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत येईना. चार दिवसांनी मी शेजारच्या पोरीला निरोप घेऊन धाडलं. उत्तर आलं, "तिला एक येत न्हाई म्हणून ती येत न्हाई. सोमवारपासून तिचा बाप तिच्याकडं शेळ्या देणार हाये." तो शनिवार होता. अडतीस बिनचूक मोजणारी पोर माझ्या एका शेऱ्यानं शेळ्यांमागं चालली, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळीच मी तिच्या घरच्या खळ्यावर गेले. मळणी झाल्ती, ज्वारीची रास लागल्ती, नारळ फुटल्ता. पोरीचा बाप रास मापायला बसणारच होता. गावातल्या सगळ्यांच्या राशी तोच मापायचा. पोर पोत्यांपाशी उभी होती, माझ्याकडं बघत नव्हती. मी तोंड उघडायच्या आत बापानं पायली माझ्यापुढं केली, धान्य मापायची ती. म्हणाला, "बाई आल्या, लय चांगलं झालं. पहिलं माप तुमच्या हातानं."

एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता. मी पदर खोचला, पायली शिगोशीग भरली, पोत्यात ओतली अन् वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "एक."

पोरीच्या आईनं तोंडाला पदर लावला. एका म्हातारबाबांनी डोळे मिटून घेतले. माझी काय चूक झाली ते मला बिलकुल कळेना.

बापानं शांतपणे पोतं उचललं अन् ज्वारी पुन्हा राशीवर ओतली. "काही न्हाई बाई. एक म्हणलं की रास एकावरच अडती. पहिल्याला लाभ म्हणायचं. घ्या, परत."

मी पोरीकडं पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

मंग मी लाभपासून सुरू केलं. नवाला एका बाईनं विचारलं, "बाई, लगन झालं का?" मी "न्हाई" म्हणाले, अन् पुढं दहा का अकरा ते सांगता येईना. बापानं पोतं उचललं, ओतलं, म्हणाला, "परत." दुसऱ्यांदा तेरावर माझ्या पायाला मुंगळा चावला. पोतं ओतलं. "परत." डी.एड.ला गणितात पहिली आलेली मी, उन्हात घामाघूम होऊन तिसऱ्यांदा लाभ म्हणत होते.

तेवढ्यात पोरगी जवळ आली अन् हळूच म्हणाली, "बाई, आकडा तोंडात धरून ठेवायचा. दुसरं माप पडोस्तर सोडायचा न्हाई." मंग आम्ही दोघी पुटपुटत बसलो. चार चार चार चार. पाच पाच पाच. कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. असं करत पहिलं पोतं एकदाचं भरलं.

"माझ्यामुळं तुमचा किती खोळंबा झाला," मी तिला म्हणाले.

"खोळंबा कशाचा? चुकलं की परत मापायचं."

मला फार लाज वाटली. डी.एड.ची दोन वर्षं मी पोरांना शिकवायचं शिकले, पण हे एवढं वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. खळ्यावर माझ्यापायी अर्धा दिवस गेला, अन् कुणी मला कोपऱ्यात उभं केलं नाही.

निघताना मी म्हणाले, "उद्या शाळेत ये. चूक माझी होती." बाप म्हणाला, "तिचं ती ठरवील."

सोमवारी हजेरी झाली तरी ती आली नव्हती. तरी मी वर्गाला सगळं सांगितलं. खळ्यावर मी एक म्हणाले, दहा-अकराचा घोळ घातला, मुंगळ्यानं मला नापास केलं, अन् जिला आपण हसलो तिनंच मला मोजायला शिकवलं. पोरं लोळायची बाकी राह्यली. एकानं तर मुंगळा चावल्याची नक्कल करून दाखवली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. दप्तर छातीशी धरून ती उभी होती, अन् वर्गावर डोळे वटारत होती.

"हसू नका रे," ती म्हणाली, "बाई अजून शिकून राह्यल्या."